हवेतली माशी

"हिला भास होतात. तू एकदा लिहून दे, म्हणजे आमच्या जीपी डॉक्टरांना दाखवता येईल," शरदकाका म्हणाले. शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको, मालतीकाकू, पर्स आवळून बसल्या होत्या.

मी इंग्लंडमध्ये, मेडनहेडला ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासते, भास नाही. तेवढं सांगणार, तोच काकांनी पिशवीतून जुना लाकडी स्टीरिओस्कोप काढला, दोन भिंगांतून फोटो बघायचा. काकू जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये व्हॉलंटियर आहेत, तिथूनच त्यांनी तो विकत आणला होता.

"यात सपाट फोटो आहे. आणि ही म्हणते, बागेतली खुर्ची हातात येईल इतकी पुढे आहे!"

"आहेच मुळी पुढे," काकू म्हणाल्या.

"बघ! कार्डावर हात फिरवून दाखवला, तरी तेच. माझ्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं गं." मला फार वाईट वाटलं.

मी भिंगांतून पाहिलं. खुर्ची पुढे, घर मागे. व्यवस्थित. कार्डावर एकाच दृश्याचे दोन फोटो असतात, दुसरा जरासा बाजूला सरकून काढलेला. डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा उजवा. मेंदू दोन्ही जुळवतो आणि त्यांतल्या फरकावरून जवळ काय, लांब काय ते ठरवतो.

मग त्याच तत्त्वावरची माझी टेस्ट काढली. खास चष्मा लावून मोठ्या माशीचं चित्र बघायचं आणि तिचे पंख चिमटीत धरायचे. काकूंची बोटं कागदाच्या बरीच वर थांबली. "ई, केवढी आहे!"

"बघितलंस? हवेत चिमटे काढतेय!" काका रडायच्या बेताला आले.

"आता तुम्ही, काका."

त्यांनी बोटं सरळ कागदावर टेकवली.

"काकूंचं बरोबर आहे. माशी हवेतच दिसायला हवी."

मी त्यांचे डोळे तपासले. किंचित तिरळेपणा, बहुधा लहानपणापासूनचा. एकेक डोळा चार्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, म्हणून आजवर कुणाला पत्ता नाही. पण मेंदू एका वेळी एकाच डोळ्याचं ऐकतो. जुळवाजुळव होतच नाही.

"म्हणजे हिचं डोकं..."

"ठणठणीत आहे."

काकांनी रुमालाने डोळे पुसले आणि फोन काढला. "थांब, जीपीची अपॉइंटमेंट कॅन्सल करतो."

"मुळीच नको. मिळतात कुठे हल्ली?" काकू उठल्या. "तुम्ही जाऊन या."

तेव्हापासून कुणी दुसऱ्याला भास होतात म्हणून घेऊन आलं, की मी आधी आणणाऱ्याचे डोळे तपासते.