समुद्रावरचा घाव

"ह्याचा वास येतोय. खाली उतरवा."

कंपनीचा साहेब एवढंच बोलला. नाकाला रुमाल. माझ्याकडे बघितलंही नाही. हेलिकॉप्टरचा पंखा फिरत होता, किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात जायला मी पट्टा बांधून बसलो होतो, आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा पडला होता. सुपरवायझरने पट्टा सोडला, कॉलर धरून मला बाहेर ओढलं. मी लोखंडी पत्र्यावर तोंडावर आपटलो. दात ओठात घुसला. उठायला गेलो तर त्याने जखमेवरच बूट ठेवला. "पड गप."

साहेब उडाला. त्याला घरी लग्नाला जायचं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर मी कंत्राटी सफाई कामगार. राहायला घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत. आई सगळ्यांना सांगायची, माझा मुलगा हेलिकॉप्टरने कामाला जातो. कामाला म्हणजे मैल्याच्या टाकीत. फाटक्या गमबुटात. हेलिकॉप्टरच्या तीन दिवस आधी टाकीतल्या पत्र्याने पोटरी चिरली. मी वर यायला लागलो तर सुपरवायझर म्हणाला, "आधी काम संपव. तुमच्या लोकांना घाणीने काय होतं?" आणि शिडी वर ओढून घेतली. चिरलेला पाय तसाच मैल्यात. शेवटी गजाने मला वर काढलं. गजा मालवणचा, माझ्याच टोळीतला.

मालाच्या बोटीतून मला किनाऱ्याला आणलं. डॉक्टर आईला म्हणाले, विष वर चढतंय, पाय ठेवला तर मुलगा जाईल. मांडीत कापला. शुद्धीवर आलो तेव्हा आई चादर दोन्ही हातांनी दाबून बसली होती. मला दिसू नये म्हणून.

पुढे कुबड्या घेऊन, गजाला सोबत घेऊन कंत्राटदाराच्या अंधेरीच्या ऑफिसात गेलो. भरपाई मागायला. मॅनेजर म्हणाला, "गटारावर राहता तुम्ही. जंतू तू घरूनच आणलेस. तसं लिहून दे, तुझ्या आईला इथे संडास धुवायला ठेवतो."

मी कुबडी उचलली आणि त्याच्या टेबलावर हाणली. काच फुटून त्याच्या मांडीवर सांडली. दोन वॉचमन धावले. त्यांनी मला जिन्यावरून ढकललं. टाके उसवले. गजा मध्ये पडला, त्याचंही तोंड फोडलं.

फुटपाथवर बसून, रक्त थुंकत गजा म्हणाला, "कोर्टात जावया. मी साक्ष देतलंय. नोकरी गेली तर जांव दे."

गेलीच. पण त्याने साक्ष दिली. शिडीचं सांगितलं, हेलिकॉप्टरचं सांगितलं.

त्यांच्या वकिलाने मला विचारलं, "तुझ्या झोपडीत उंदीर आहेत ना?"

"आहेत. त्यांनी अजून कुणाचा पाय खाल्ला नाही."

खूप वर्षं गेली. निकाल लागला: जखम कामावरची, रोग कामावरचा, भरपाई द्या. कोर्टाबाहेर मॅनेजर जवळ आला. पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाला. "अर्ध्यात मिटवा. नाहीतर आम्ही वर जाऊ. तुम्ही मराल तोवर."

"जा वर," मी म्हणालो. "मी मरत नाही."

ते वरच्या कोर्टात गेलेत. मीही जातो, प्रत्येक तारखेला. परवा माहुलचा एक कामगार दाराशी आला. त्याच प्लॅटफॉर्मवरचा. हाताला पू, अंगात ताप, आणि कंत्राटदाराने हाकललेला. त्याला आधी हॉस्पिटलात टाकलं, मग वकिलाकडे गेलो. यापुढे त्यांना कुणाचाही हात की पाय फुकट कापू देणार नाही.