साडूंची बागेकडची खोली

माझ्या थोरल्या साडूंइतका अंधाराचा शौकीन माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडायचा नाही. घुबडं आणि वटवाघळं जमेस धरली तरी हे विधान मी मागे घेणार नाही. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी नोकरीभर रात्रपाळी केली, आणि तीही मागून घेतलेली. दिवसपाळीला साहेब फार असतात, असं त्यांचं म्हणणं. सकाळी घरी येऊन झोपायचं म्हणून निगडी प्राधिकरणातल्या त्यांच्या जुन्या बैठ्या घराच्या खिडक्यांना त्यांनी जाड पुठ्ठे ठोकले होते. मागच्या भिंतीला तर खिडकीच नव्हती. भर दुपारी गेलं तरी चहा ट्यूबलाइटखाली प्यायचा. शिट्टीनं झोपमोड होते म्हणून कुकर बाद झालेला, डाळ पातेल्यात शिजायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सगळे इतके हळू बोलत होते की घरात कुणीतरी आजारी आहे असं समजून मी फळं न आणल्याबद्दल माफी मागितली होती.

घरामागे मात्र ताईंची, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीची, बाग होती. अळू, जास्वंद, कढीपत्ता आणि मधोमध सोनचाफा. तिथं जायला पुढच्या दारानं बाहेर पडून, बोळातून वळसा घालून पायऱ्या उतराव्या लागत. साडू निवृत्त झाले आणि त्याच सुमारास ताईंचे गुडघे गेले. पायऱ्या बंद झाल्या, बाग बंद झाली. त्या पुढच्या खोलीत नुसत्या बसून राहू लागल्या. बोलणंही कमी झालं. साडूंनी काही दिवस हे पाहिलं आणि एका सकाळी जाहीर केलं, "मागची भिंत फोडायची. बागेकडं तोंड करून एक खोली काढायची."

दुसऱ्या कुणी मिस्त्री बोलावला असता. साडूंनी आधी रांगोळीची फक्की आणली. मागच्या अंगणात पांढऱ्या रेघांनी भिंती, दार, खिडक्या अशी सगळी खोली आखली आणि दिवसभर तिच्यात राहायला लागले. खोली वापरून बघितल्याशिवाय बांधायची नाही, हा त्यांचा हिशेब. आत खुर्ची, स्टूल, पेपर. ऊन सरकलं की खिडकी पुसून दुसरीकडे काढायची. मी भेटायला गेलो आणि सरळ चालत त्यांच्यापाशी पोचलो, तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "राव, भिंतीतून आलात. दारातून या." मी मुकाट मागे फिरलो, रेघेतल्या फटीतून आत आलो आणि सवयीनं चपलाही बाहेर काढल्या. थोड्या दिवसांनी शेख मिस्त्री आले. खुर्चीवर बसवून साडूंनी त्यांना पंखा कुठं लागणार तेही दाखवलं. मिस्त्री वर आभाळाकडे बघून म्हणाले, "साहेब, खोली तर झाली तुमची. आमचं काय काम?"

अडचण चाफ्याची निघाली. तो नेमका भिंतीच्या रेघेत येत होता. "तोडावा लागेल," मिस्त्री म्हणाले. साडूंनी घरात जाऊन ताईंना विचारलं. "तोडा," ताई म्हणाल्या. "मला कुठं दिसतोय तो आता?"

साडूंनी बाहेर येऊन मिस्त्रींना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघ पुसली आणि नवी भिंत चाफ्याला वळसा घालून नेली. खोलीचा एक कोपरा आत गेला. "अशी वाकडी खोली मी जिंदगीत बांधली नाय," शेख मिस्त्री कुरकुरले.

"वाकडी नाही हो," साडू म्हणाले, "सरकून बसलीय."

जुनी भिंत फोडली त्या दिवशी आम्ही सगळे जमलो होतो. पहिलं भगदाड पडलं, धूळ खाली बसली आणि घरात ऊन आलं. आतल्या भिंती पोपटी आहेत हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. आम्ही त्या राखाडी समजत होतो. साडू डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. ताई मात्र उठल्या आणि भिंतीचा आधार घेत थेट राड्यारोड्याकडे निघाल्या. आम्ही थांबा थांबा म्हणेपर्यंत साडूंनी पुढे होऊन हात दिला. "हळू. इथं उंबरा ठेवणार नाहीये. सपाट जाता येईल तुला."

आता ती खोली झाली आहे. ताई दिवसभर तिथंच असतात, आणि बोलतात. इतकं बोलतात, की राहिलेला सगळा साठा बाहेर काढताहेत असं वाटतं. साडूंची दुपारची झोप पार गेली. परवा गेलो तर ताई खिडकीशी मेथी निवडत माहेरची कुठलीशी लांबलचक गोष्ट सांगत होत्या. साडू ऐकत होते कमी, मान वळवून त्यांच्याकडे बघत होते जास्त. मग चहा करायला म्हणून ते मला आत घेऊन गेले.

"एक विचारू का, राव?" आधण ठेवता ठेवता ते हळूच म्हणाले. "हिचे केस कधी पांढरे झाले?"

"बरीच वर्षं झाली," मी म्हणालो.

"झोपेत असणार मी," ते म्हणाले. चहा गाळला, ताईंचा कप आधी भरला, आणि बाहेर जाऊन बागेकडे असलेली खुर्ची त्यांनी ताईंकडे वळवून घेतली.