सेवाज्येष्ठतेनुसार संगणक: घनसावंगीचे तीन दिवस

डिसेंबरात लोक गोव्याला जातात. मी घनसावंगीला गेले. विभागाच्या बैठकीत "कोण जाईल?" असा प्रश्न आला तेव्हा मी पेनचं टोपण शोधायला टेबलाखाली वाकले होते. वर आले तोवर माझ्या नावावर सगळ्यांचं एकमत झालेलं होतं.

काम असं होतं. जालन्याच्या एका बियाणे कंपनीने घनसावंगीजवळच्या एका शाळेला संगणक दिले होते, शाळेने खोली दिली होती आणि शिक्षकांना शिकवायला माणूस आमच्या विद्यापीठाने द्यायचा होता. तो माणूस मी. तिघांनी मिळून करायच्या कामात सगळ्यांत कमी पगाराचा भागीदार प्रवास करतो, हे यानिमित्ताने कळलं. कंपनीची एक अट होती. तिसऱ्या दिवशी त्यांचे अधिकारी भंडारी येणार आणि प्रत्येक शिक्षकाने त्यांच्यासमोर संगणकावर धडा घेऊन दाखवायचा. नाही जमलं, तर सगळे संगणक उचलून अंबडच्या शाळेत.

औरंगाबादहून जालन्याला एसटी भरपूर आहेत, बसायला जागा मिळेलच असं नाही. शाळेच्या खोलीत प्लग कमी आहेत असं फोनवर कळलं होतं, म्हणून मी जुन्या जालन्यात उतरून वायरी आणि बोर्ड घेतले. धान्याची पोती, कापडाचे तागे आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या रिक्षा, यात खरेदीला घाई करून उपयोग नाही. बाहेर पडल्यावर मोसंबीचा रस मात्र प्याच. जालन्याच्या मोसंबीबद्दल जे ऐकलंय ते खरं आहे.

मुक्काम अंबडच्या लॉजवर. अंबडला कोर्ट असल्यामुळे लॉजवर पक्षकार उतरतात. माझ्या शेजारच्या खोलीत बांधाच्या भांडणातले दोन्ही पक्ष होते. भाडं वाचावं म्हणून त्यांनी एकच खोली घेतली होती आणि सकाळी गरम पाण्याची बादली कोणी आधी घ्यायची यावर नवीन भांडण काढलं होतं.

घनसावंगीला मी काळीपिवळी जीपने गेले. पुढची सीट रिकामी बघून खुशाल बसले, तर ड्रायव्हरने मला नम्रपणे मागे जायला सांगितलं. ती जागा कदम सरांची. मी मागे उसाच्या कांड्या चघळणाऱ्या दोघांमध्ये अंग चोरून बसले. थोड्या वेळाने पांढऱ्या शर्टातले कदम सर आले, सगळ्या जीपने त्यांना नमस्कार केला, मीही केला आणि मगच जीप हलली.

शाळेत पोचल्यावर खरा प्रकार समजला. कदम सर गणिताचे, सगळ्यांत सीनियर, उन्हाळ्यात निवृत्त होणारे. चहा आधी त्यांना, मग सेवाज्येष्ठतेने खाली. खुर्च्या त्याच क्रमाने. सगळ्यांत शेवटी शाहीन मॅडम, नव्या शिक्षणसेवक, जुन्या जालन्याहून दोन गाड्या बदलून रोज येणाऱ्या. त्यांच्यापर्यंत चहा येईस्तोवर त्यावर साय धरलेली असायची.

मी संगणक सुरू केले आणि माऊस हातात घ्या म्हटलं. सगळ्यांनी कदम सरांकडे पाहिलं. कदम सरांनी हात मागे बांधले.

"तुम्ही सांगा मॅडम. आम्ही आधी समजून घेऊन राह्यलो."

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. घसा बसला, तरी एकाही बोटाने एकही बटण दाबलं नाही. मग माझा पारा चढला. यंत्र चावत नाही, असं जरा जोरातच म्हणाले. सगळे अदबीने हसले आणि हात मागेच ठेवले. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. मला तर सुटका झाल्यासारखं वाटलं.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि असा ठेचा होता की मघाचा राग मला सौम्य वाटू लागला. शाहीन मॅडम डबा घेऊन माझ्याजवळ आल्या.

"सर आमच्यासमोर चुकले तर त्यांची इज्जत जाते," त्या हळूच म्हणाल्या. "अन् आम्ही त्यांच्या आधी हात लावला तर बेअदबी होते. मंग कोण लावणार?"

त्यांना मात्र हात लावायचा होता, अगदी मनापासून. जालन्यात खाजगी क्लास होते, पण शिक्षणसेवकाच्या पगारात तो खर्चा बसत नव्हता. संगणक अंबडला गेले तर शिकणं बिलकुल संपलं, असं त्या म्हणाल्या. उपायही त्यांनीच सुचवला: सरांना शिकायला बसवू नका, पेपर तपासायला बसवा.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की कदम सर परीक्षक. त्यांनी लगेच खिशातून लाल पेन काढलं. मग मला व्हरांड्यात नेऊन, तपासायचं तर उत्तर बराबर माहीत पाहिजे, असं म्हणत कालचं सगळं पुन्हा समजावून घेतलं. सरांनी परवानगीची मान हलवल्यावर बाकीचे कामाला लागले. भूगोलाचे सर माऊसने पडद्यावर त्रिकोण काढत होते आणि तिसरी बाजू काही केल्या पहिलीला भेटत नव्हती. कदम सर मागे उभे. पेन या हातातून त्या हातात गेलं. चूक समोर दिसत असताना गप्प राहणारा शिक्षक अजून जन्माला यायचाय.

"सरका," ते म्हणाले आणि बसले.

त्यांचा त्रिकोण कांदाभज्यासारखा आला. सरांचे कान लाल झाले. पडद्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "पुसायचं कुठून?"

शाहीन मॅडमनी दाखवलं. सरांनी पुसलं, पुन्हा काढला. त्यानंतर दुपारपर्यंत त्या खोलीत माझं कोणी ऐकलं नाही, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी भंडारी उशिरा आले आणि आल्याबरोबर भाषणाला उभे राहिले. उद्योग, विद्यापीठ आणि शाळा हे तीन हात कसे एकत्र आले, ते सांगत सुटले. इकडे वीज जायची वेळ जवळ येत होती आणि धडे सगळे बाकी. शाहीन मॅडमचा चेहरा उतरला. तेव्हा कदम सर शांतपणे बाहेर गेले आणि त्यांनी शाळेची घंटा बडवली. घंटा झाली की शाळेत बोलणारा थांबतो, मग तो कोणी का असेना. भंडारी वाक्याच्या मध्येच खाली बसले.

धडे झाले. वीज गेलीच तर सगळ्यांत चांगला धडा आधी होऊन जावा म्हणून सरांनी सेवाज्येष्ठतेचा क्रम उलटा लावला आणि शाहीन मॅडम पहिल्या आल्या. पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते त्यांनी इतकं नीट दाखवलं की भंडारींनी खुर्ची पुढे ओढली. संगणक जागेवर राहिले. वर, अंबडच्या शाळेला नवे द्यायचे ठरले आणि तिथल्या शिक्षकांना शाहीन मॅडमनी शिकवायचं.

जाणार असाल तर स्वतःची चादर न्या, भारनियमनाच्या वेळा आधी विचारा आणि जीपमध्ये पुढे बसू नका. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं की तिथे पाहण्यासारखं काय आहे. मला सांगता येईना. माझ्यापुरतं म्हणाल तर शिकवताना आता मी कमी ओरडते.

उन्हाळ्यानंतर शाहीन मॅडमचा अंबडहून फोन आला. तिथेही तेच झालं होतं. कोणी हात लावेना. निवृत्त झालेले कदम सर मदतीला म्हणून बरोबर गेले होते. ते उठले, सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले आणि त्रिकोण काढायला घेतला. तिसरी बाजू भलतीकडेच गेली. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं चुकलं. शाहीन मॅडम, सांगा बरं कसं करायचं." त्यानंतर एकेक जण संगणकाकडे सरकला.

मी म्हटलं, सरांना अजून जमत नाही वाटतं.



"मॅडम," शाहीन मॅडम म्हणाल्या, "निवृत्त होईपर्यंत सर रोज शाळा सुटल्यावर त्रिकोणच काढत बसायचे. आता डोळे मिटून काढतेत."