सगळे खाली आले का?

पोलादपूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी निवृत्त लोकांसाठी एक वसाहत बांधली आहे. आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा निम्मी घरंसुद्धा उभी राहिली नव्हती. बैठी घरं, दारात पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, फाटकाशी डॉक्टरची खोली. मुंबईतल्या लेकीने सगळं बघून, विचारून ठेवलं होतं. फक्त बांधकामाचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या सकाळी फरशी कापायच्या यंत्राच्या किंचाळण्याने मी दचकून उठले आणि पाहिलं, तर हे केव्हाचेच खिडकीशी जाऊन उभे होते.

"काम चालू झालं," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज असा ताजा ऐकला.

मी महाडला शाळेत शिकवत होते. हे रस्त्यांच्या कामांवर देखरेख करायचे. सगळी नोकरी घाटांत, तंबूत आणि पत्र्याच्या शेडमध्ये गेली. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली, मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग लोकांची नावं, मग एकदा महाडच्या बाजारात घरचा रस्ताच सापडेना. भाजीवालीने हाताला धरून आणून सोडलं. ते ऐकल्यावर लेकीने इथलं घर घेतलं.

वसाहतीत जो भेटे त्याच्या तोंडी एकच प्रश्न. काम कधी संपणार? आमचे शेजारी बँकेतून निवृत्त झालेले, रहिवाशांच्या कमिटीचे प्रमुख. ते दर आठवड्याला साइटच्या ऑफिसात जाऊन विचारून यायचे. उत्तर कधी गणपतीपर्यंत असायचं, गणपती झाले की दिवाळीपर्यंत, दिवाळी झाली की होळीपर्यंत. घरांवर सिमेंटची धूळ बसायची, दुपारची झोप कोणाला म्हणून लागत नसे. माणसं वैतागून गेली होती. "उरलेले दिवस शांतपणे काढायला आलो आणि हे नशिबी आलं," असं शेजारी म्हणत, आणि मी मान हलवत असे.

पण माझ्या मनात वेगळंच होतं. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे अंगणातून नाहीसे झाले. मी धावत शोधायला गेले, तर एका अर्धवट घराच्या जोत्यावर उभे. डोक्याला जुनी टोपी, पायात बूट. मुकादम शेजारी उभा राहून ऐकत होता. मुकादम कुडपणकडचा, वयाने पन्नाशीच्या पुढचा.

"माफ करा हं," मी म्हणाले. "यांना जरा विसरायला होतं. त्यांना वाटतंय की ते कामावरच आहेत."

"असू द्या ओ बाई," मुकादम म्हणाला. "साहेब बसतात, बघतात. आमाला काय तरास नाय. मगाशी भिंतीला पानी मारायचं राहिलेलं, त्यांनीच सांगितलं."

त्याने आंब्याच्या झाडाखाली यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. मग रोजचंच झालं. सकाळी न्याहारी करून हे कामावर जात, दुपारी भुकेने घरी येत, पोटभर जेवत, पुन्हा जात. महाडला ज्या माणसाला घास भरवावा लागत होता तो आता "आणखी भात आहे का?" विचारू लागला. इतरांना ते काम संपायला हवं होतं. मला नको होतं.

एकच गोष्ट खटकायची. दिवस कलला की मजूर वरच्या अंगाची घरं सोडून उतारावरून खाली येत. त्या वेळी हे रस्त्याच्या कडेला उभे राहत. एकेकाकडे बोट करून पुटपुटत मोजत. सगळे उतरले की वर पाहत आणि मुकादमाला विचारत, "सगळे खाली आले का?"

"आले साहेब."

"नाही. एक राहिला."

पहिल्यांदा मुकादमाला ती गंमत वाटली. मग तो त्यांचं मन राखायला पुन्हा वर जाऊन, घराघरांतून डोकावून येऊ लागला. "कोनी नाय साहेब, बघून आलो." हे ऐकून घेत, पण त्यांची नजर वरच राहायची. मी हात धरून घरी आणलं तरी ते मान वळवून वळवून मागे पाहत.

हळूहळू त्याची धास्ती सगळ्यांना लागली. विटा वाहणारी एक बाई वरच्या रांगेतल्या घरात एकटी जाईना. "साहेब म्हंतात वर कोन तरी हाय," तिने मुकादमाला सांगितलं. मजूर ऊन उतरायच्या आत घोळक्याने खाली येऊ लागले. मुकादम एकदा माझ्याकडे आला. पाणी प्यायला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, साहेब नेमकं कोनाला बघतात ओ वर?"

मला सांगता येईना. आणि तोवर माझीही नजर तिकडे जाऊ लागली होती. वरच्या रांगेला अजून दारं-खिडक्या नव्हत्या, नुसती भोकं होती. एकदा संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढत असताना एका भोकात कोणीतरी उभं आहे असं वाटलं. सिमेंटची रिकामी गोणी लटकत होती. गोणीच आहे हे मला कळत होतं. तरी मी ओले कपडे तसेच गोळा केले, आत आले आणि दार लावून घेतलं.

"कोण राहिलंय हो वर?" मी एकदा विचारलं.

"तुला ठाऊक नाही," ते म्हणाले.

पावसाळ्यात काम थांबल्यासारखंच होतं. आमच्या भागात पाऊस लागून राहिला की डोंगराखाली राहणारं कोणीच धड बसत नाही. बोलताबोलता माणसं थांबतात, कान देतात. अशाच एका दुपारी हे सारखे दारापर्यंत जाऊन परत येत होते. मी त्यांना ओढून खाटेवर बसवलं, हातात चहा दिला. चहा तसाच राहिला. खाली बघत ते बोलू लागले, आणि आवाज असा स्वच्छ होता की मला वाटलं, आजार गेलाच.

घाटात डोंगर कापायचं काम चालू होतं. पाऊस थांबत नव्हता. वरची माती भिजून सुटायला लागलेली पाहून यांनी सगळ्यांना खाली यायला सांगितलं. माणसं उतरली, ट्रकमध्ये चढली. यांनी विचारलं, सगळे आले का? ट्रकमधून कोणीतरी म्हणालं, आले. ट्रक सुटला. थोडं पुढे गेल्यावर मागे आवाज झाला आणि वळून पाहिलं तर रस्ता नव्हता. लोक ट्रकमध्ये हात जोडून रडायला लागले, वाचलो म्हणून.

"रात्रीची भाकरी वाढली," हे म्हणाले. "सगळे जेवले. एकाची भाकरी उरली."

तो घोंगडी आणायला परत वर गेला होता. नंतर त्यांनी पुष्कळ दिवस माती उकरली. सापडला नाही. मग वरून हुकूम आला की पुढचं काम सुरू करा, आणि त्याच मातीवरून रस्ता गेला.

"मी मोजलं नाही," ते म्हणाले. "त्याच्यानंतर रोज मोजलं. त्या दिवशी नाही मोजलं."

मी विचारलं, "हे कधी झालं?"

"आपली छकुली झाली त्या पावसाळ्यात."

मी भिंतीला टेकून बसले. लेक झाली तेव्हा मी महाडला माहेरी होते. हे बऱ्याच दिवसांनी आले. पाळण्यात वाकून पाहिलं आणि एक शब्द न बोलता ओट्यावर जाऊन बसले. पुढे कितीतरी महिने माझ्याशी धड बोलले नाहीत, मुलीला उचलून घेतलं नाही. आई म्हणाली, मुलगा हवा असेल. मलाही तसंच वाटलं. मी ते मनात गाठ मारून ठेवलं आणि त्यावर सगळा संसार केला. पुढे ते मुलीवर जीव टाकू लागले, तिला खांद्यावर घेऊन कापड्याला गावी जात, लावणीच्या दिवसांत बांधावर बसवत. तरी मला आतून वाटायचं, पहिल्यांदा तुम्ही तिच्याकडे कसं पाहिलंत ते मी पाहिलंय. आणि त्या वेळी ते मुलीकडे पाहतच नव्हते. त्यांच्यासमोर भाकरी होती.

थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "आज काम का बंद आहे?" सगळं सांगितल्याचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

पाऊस सरला, काम पुन्हा जोरात सुरू झालं. या वेळी शेजारी खरंच आनंदात आले. "बाई, संपणार! वरची रांग झाली की संपलं. लिहून दिलंय."

मी मुकादमाला गाठलं. "खरं का हो?"

"खरं हाय बाई. रंग मारून झाला की आमी निघालो. दुसरीकडं काम मिळालंय."

"आणि मग साहेबांनी काय करायचं?"

तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला.

निघायच्या दिवशी टेम्पोत मिक्सर चढवला, लाकडी फळ्या, पाट्या, चुलीची भांडी चढवली. कमिटीने नारळ फोडला, पेढे वाटले. वसाहतीतले सगळे रस्त्यावर जमले होते आणि लग्नघरासारखे हसत होते. मजूर उतारावरून शेवटचे खाली आले. हे नेहमीच्या जागी उभे. मोजून झालं आणि ते टेम्पोच्या पुढे जाऊन उभे राहिले, हात आडवा करून.

"एक राहिला. थांबा."

"आले साहेब, सगळे आले," मुकादम म्हणाला.

"मी आज ऐकणार नाही. एक राहिला."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. शेजारी पुढे आले, "अहो, झालं आता काम, चला घरी," म्हणून यांचा दंड धरू लागले. यांनी त्यांना झिडकारलं. अंगात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. यंत्रं बंद, माणसं बंद. वसाहतीत आल्यापासून एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

रोज मीही त्यांना "आले हो सगळे" असं सांगून घरी आणत होते. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. मी जवळ गेले.

"हो," मी म्हणाले. "एक राहिला. पण तो आता खाली यायचा नाही. या लोकांना जाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

त्यांचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी एक नाव घेतलं, स्पष्ट, हजेरी घेताना घ्यावं तसं. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मुकादमाने टोपी काढून छातीशी धरली. टेम्पोतल्या बायकांनी डोक्यावरून पदर घेतला. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण कोणी मेल्याचं माणसाला कळतं. मग हे बाजूला झाले आणि टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवसापासून टोपी खुंटीलाच राहिली. हे दारातल्या खुर्चीत बसून असतात. जेवण पुन्हा कमी झालं. संध्याकाळी उठून उभे राहत नाहीत, तो प्रश्नही विचारत नाहीत. डॉक्टर म्हणतात, हे असंच उतरत जाणार. लेक सुट्टीला आली तेव्हा तिला मी घाटातल्या माणसाचं सांगितलं. बाकीचं माझ्या मनातलं नाही सांगितलं. जे तिच्या बापाने केलंच नव्हतं ते तिला सांगून काय करायचं? ती उठून त्यांच्याजवळ गेली, त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. त्यांनी तिला विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

आता मीच संध्याकाळी वर पाहते. वरच्या रांगेतली बरीच घरं मुंबईच्या लोकांनी घेऊन नुसती ठेवली आहेत. रंगवलेली, काचा लावलेली, कुलुपं घातलेली. ऊन गेलं की काचांत डोंगर दिसतो, आणि पाहता पाहता डोंगर हलल्यासारखा वाटतो. शेजारी म्हणतात, बघा किती छान वाटतंय आता. मी आत जाऊन रेडिओ लावते.

गेल्या महिन्यात वरच्या रांगेतल्या शेवटच्या घरात एक जोडपं राहायला आलं. ठाण्याचं, आमच्याहून जरा तरुण. मी त्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, ते दोघं उतारावरून खाली आले आणि बसले. आमच्यासाठी बाकडं होतंच. ती हौसेने घराबद्दल बोलत होती, पडदे कुठून आणले, कुंड्या कुठे ठेवणार. मी कप भरत होते. एवढ्यात हे आपल्या जागेवरून उठले, आत गेले, आणि स्वयंपाकघरातली खुर्ची दोन्ही हातांनी ओढत बाहेर घेऊन आले. पाहुण्यांच्या शेजारी नीट लावली. तिच्यावरची धूळ हाताने झटकली आणि परत येऊन माझ्याजवळ बसले.

ती बाई रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाली, "आणखी कोणी यायचंय का?"

"घ्या ना तुम्ही," मी म्हणाले. "चहा गार होतोय."