आबांची विडी

आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यात विडी ओढली नाही. गावच्या बैठकीत पान-तंबाखूचं ताट फिरलं की ते सुपारीचं एक खांड उचलायचे आणि ताट पुढं सरकवायचे. "ह्यांना पुढल्या बारीला दूध ठिवा रं," म्हणून लोक चेष्टा करायचे. अशा माणसाला मी विडीबाज ठरवलं.

मी पारनेरकडचा. अकरावीला नगरला आलो, केडगावात वसतिगृहात राहिलो. पहिल्याच दिवशी वर्गात उभा राहून म्हणालो, "मला गणित लई आवडतं." वर्ग खिदळला आणि माझं नाव 'लई' पडलं. दहावीला शाळेत पहिला आलेला मी, तोंड उघडायलाच घाबरू लागलो. मग टपरीवर एकानं सिगारेट पुढं केली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण एक फायदा लगेच कळला. सिगारेट तोंडात असली की बोलावं लागत नाही, आणि धूर काही गावठी निघत नाही. तिथं मला कुणी हसलं नाही. एवढ्यावर मी विकला गेलो.

आबा दर रविवारी एसटीनं डबा घेऊन यायचे. एकदा रेक्टर सरांना माझ्या स्वेटरला धुराचा वास आला. सिगारेट ओढणाऱ्याला ते थेट घरी पाठवत. मी पटकन म्हणालो, "वडील विडी ओढतात. परवा आले होते, त्यांचाच वास असेल." इतकं शुद्ध मराठी मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

पुढच्या रविवारी सरांनी आबांना फाटकातच झापलं. "तुमच्या विडीपायी पोरगं बिघडेल, कळतं का?"

आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हात जोडले. "चुकलं साहेब. सुटंना झालीय मला. आता हितं येताना न्हाई वढनार."

वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "ए लई, तुझे फादर का?" पोरं हसली. मी मान खाली घातली.

मी आबांना स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. लांबून एसटी दिसली तेव्हा म्हणाले, "त्या हासन्यापायीच वढतो व्हय रं?" मी येणाऱ्या एसटीकडं पाहत राहिलो. "सोड म्हनलं तर सोडशील का, म्हाईत न्हाई. पन म्या आता फाटकाशी येत न्हाई. डबा कंडक्टरकडं देत जाईन. माझ्यामुळं तुला आनिक कुनी हासायला नको."

"नका असं करू, आबा," एवढंच म्हणायचं होतं. तेही माझ्याच्यानं झालं नाही.

सिगारेट पुढं सुटली. आबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण फाटकातल्या त्या प्रसंगानंतरच्या पहिल्याच रविवारी कंडक्टरच्या हातून डबा घेताना काय वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटली, पण ती नंतर. आधी हायसं वाटलं होतं.