लॅमिनेशनवाले आप्पा

कागद वाचल्याशिवाय मशीनमध्ये घालायचा नाही, असा वैजनाथआप्पांचा नियम होता. केजला तहसील कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशीन आणि आप्पा. आपण कागद पुढे केला की ते चष्मा कपाळावरून नाकावर घेत आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्यांदा वाचायला लागत. सातबारा असो, जातीचा दाखला असो, नाहीतर दहावीचा निकाल. तरुणपणी त्यांनी कचेरीच्या पायरीवर बसून टायपिंग केलेलं, त्यामुळे वाचताना स्वल्पविरामाला 'कॉमा' आणि वाक्य संपलं की 'फुल स्टॉप' हेही ते उच्चारून घेत. "गणितात पस्तीस. काठावर हाय, पर हाय," असं म्हणून ते रांगेकडे बघत आणि रांग मान डोलवी. तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे मार्क उरलेल्या निम्म्यांना आप्पांमुळे ठाऊक होते. कुणी लाजून म्हणालं, "आप्पा, जरा हळू," तर उत्तर ठरलेलं, "कावून? चोरीचा हाय का?"

या वाचनाने कामंही व्हायची. एका म्हातारीच्या निराधार योजनेच्या अर्जावर नवऱ्याच्या जागी दिराचं नाव पडलेलं आप्पांनीच पकडलं होतं. म्हणून त्यांच्यावर कुणी फारसं चिडत नसे. मीसुद्धा एकदाच चिडले, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय आप्पा पुरे होत नाहीत.

त्यांचा खरा जीव लॅमिनेशनच्या मशीनवर. आमचं गाव नांदूरघाटच्या बाजूला. दिवाळी सरली की आमच्याकडची निम्मी घरं कुलपात जातात आणि माणसं ऊसतोडीला कारखान्यावर. आईबाबांबरोबर आमची कागदपत्रंही पत्र्याच्या पेटीत बसून तिकडे जायची आणि कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, सहा महिने काढायची. माझा चौथीचा दाखला उंदरांनी खाल्ला, भावाच्या जन्माची नोंद अवकाळी पावसात विरघळली. आप्पांना हे सगळं माहीत होतं. "कोपीत माणूस भिजला तर वाळतो. कागद भिजला की गेला," असं म्हणत ते प्लास्टिकच्या पाकिटात कागद सरळ बसवत. मशीनमधून गरम गरम बाहेर आला की तो हवेत दोनदा हलवत, बोटाने टक टक वाजवून बघत आणि म्हणत, "घ्या. आता तुमी जाताल, ह्यो न्हाई जायचा." तोडकऱ्यांच्या पोरांचे कागद ते सगळ्यांत जाड पाकिटात घालत.

मी अंबाजोगाईहून बी.एस्सी. झाले तेव्हा पदवी हातात आल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा ती घेऊन केजला गेले. आप्पांनी ती भर रांगेत वाचली, माझ्या आईच्या नावासकट. मग त्यांच्याकडचं सगळ्यांत जाड पाकीट काढलं. बाबा घरी आले ते पदवी छातीशी धरूनच. वरून पाणी ओतलं तरी काही होत नाही, हे त्यांनी शेजाऱ्यांना अंगणात ओतून दाखवलं.

पुढे दोन वर्षांनी जर्मनीतल्या एका विद्यापीठाने मला मातीच्या रसायनशास्त्रात एम.एस्सी.ला घेतलं. अट एकच. माझी पदवी त्यांच्या लेखी परदेशी, म्हणून ती खरी असल्याचं आपल्या सरकारने तिच्यावरच शिक्का मारून सांगायचं: आधी मुंबईचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा स्टिकर. केजच्या पोरीची पदवी परदेशी, याची मला मोठी गंमत वाटली. ती गंमत मुंबईच्या खिडकीपर्यंतच टिकली. तिथल्या माणसाने माझी पदवी उलटी केली, नखाने खरवडली आणि परत सरकवली. "शिक्का मागच्या बाजूला बसतो. हे प्लास्टिक आहे, शाई धरत नाही. विद्यापीठातून दुसरी प्रत आणा." कागद पोचवायला आठ आठवडे उरले होते. परतीच्या एसटीत बरोबर आलेले बाबा पदवी मांडीवर पालथी ठेवून बसले होते. आपण पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

तो राग मी आप्पांवर काढला. रांगेत न थांबता पुढे गेले आणि पदवी काउंटरवर आपटली. "आप्पा, तुमच्या प्लास्टिकपायी मपलं ॲडमिशन चाललं."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पदवी उलटी केली, सुलटी केली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कागद मनातल्या मनात वाचला. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, इस्त्री फिरवली तर प्लास्टिक सुटतं. आप्पांनी शेजारच्या शिंप्याकडून इस्त्री मागवली. मी माझी पदवी पुढे केली तर ती त्यांनी बाजूला ठेवली आणि भिंतीवरचं स्वतःचं टायपिंगचं सर्टिफिकेट खाली उतरवलं. मशीन आणलं त्या दिवशी लॅमिनेट केलेला तो पहिला कागद. आयुष्यात पास झालेली ती त्यांची एकमेव परीक्षा होती, हे सगळ्या तालुक्याला पाठ होतं. त्यांनी वर फडकं ठेवून इस्त्री फिरवली, कोपरा उचकटला आणि हळूच ओढला. प्लास्टिकबरोबर कागदाचा वरचा पापुद्राच निघून आला. आप्पांचं नाव अर्धं प्लास्टिकला चिकटलं, अर्धं कागदावर राहिलं.

"न्हाई होत," आप्पा म्हणाले. "बरं झालं, तुपल्या कागदाला हात लावला न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटले. आप्पांनी ते ऐकलंच नाही, ते शटरच्या किल्ल्या शोधत होते. "उद्या पयल्या गाडीनं विद्यापीठात जायचं. मी येतो. म्या केलंय, म्याच सांगतो."

त्याआधी दुसरी प्रत का हवी याचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकिलांच्या कारकुनाने सवयीने लिहून ठेवलं, 'सदर पदवी पावसात भिजून खराब झाली.' आप्पांनी ते वाचलं आणि कारकुनाच्याच पेनने त्यावर रेघ मारली.

"भिजली न्हाई. भिजू नये म्हणून मी प्लास्टिकात घातली. तसं ल्हिवा. मपलं नाव टाका."

"आप्पा, असं कुणी लिहितं का?"

"घडलं ते ल्हिवायला काय हरकत हाय?"

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर बंद बघून लोक आप्पांच्या घरी विचारपूस करून आले म्हणे. आम्ही तेव्हा विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभे होतो. आतल्या बाईंनी अर्ज घेतला, प्रतिज्ञापत्र वाचून हसू दाबलं आणि म्हणाल्या, दोन महिने लागतील. नियमाने लागतच होते, त्यांची काही चूक नव्हती. मी तारीख दाखवायला पत्र बाहेर काढलं. आप्पांनी मात्र चष्मा नाकावर घेतला, माझ्या हातातलं जर्मनीचं पत्र काढून घेतलं आणि केजच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "डिअर मिस सारिका, कॉमा." एक वाक्य इंग्रजीत, फुल स्टॉप, मग माझ्याकडे वळून, "मराठीत सांग." मी सांगायची. शेजारच्या टेबलांवरची माणसं माना वर करून ऐकायला लागली. तारखेची ओळ आप्पांनी दोनदा वाचली.

"काका, हळू वाचा. साहेब आत आहेत," बाई म्हणाल्या.

"त्यांला बी ऐकू जाऊ द्या की. पोरीचं चांगलंच ल्हिवलंय."

साहेब बाहेर आलेच. त्यांनी उरलेलं पत्र उभ्याने ऐकलं, प्रतिज्ञापत्र चाळलं आणि "हे लॅमिनेशन करणारे तुम्हीच का?" एवढं विचारून अर्ज स्वतःच्या टेबलावर नेला. पंधराव्या दिवशी दुसरी प्रत मिळाली.

मुंबई-दिल्लीचे शिक्के होऊन ती परत आली तेव्हा मी आधी आप्पांकडे गेले. त्यांनी हात धुतले, पुसले, पुढची बाजू वाचली. मग कागद उलटा केला आणि मागचा प्रत्येक शिक्का, सही, नंबर मोठ्यांदा वाचला. रांग ताटकळली होती. "तीस वर्सं झाली," ते म्हणाले, "कागदाला पाठ असती हे कदी ध्यानातच आलं न्हाई."

त्याच आठवड्यात दुकानात पाटी लागली: 'ओरिजनल मार्कशीट व पदवीचे लॅमिनेशन करून मिळणार नाही. कारण विचारावे.' लोक कारण विचारत आणि आप्पा माझी गोष्ट पहिल्यापासून सांगत. शेवटी म्हणत, "पाठ मोकळी ठिवा. लेकरू कुटवर जाईल, तुमाला काय ठावं?" आणि तोडकऱ्यांना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यायला सांगत, लॅमिनेशन मात्र झेरॉक्सचं करून देत. मी जर्मनीत असताना फोनवर त्यांनी एकदाच तिकडची चौकशी केली, तिथले लोक पदवीचं लॅमिनेशन करतात का म्हणून. मी म्हटलं, नाही, फायलीत ठेवतात. "शाणे हायत," आप्पा म्हणाले.

माझी शेवटची परीक्षा चालू असताना आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. त्यांना माझी नवी पदवी वाचायला मिळाली नाही, याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

गेल्या महिन्यात मी परत आले. आता उलटा प्रवास. इथे शिकवायचं तर जर्मनीच्या पदवीला इथली मान्यता पाहिजे, त्यासाठी झेरॉक्सचा गठ्ठा पाहिजे. बाबांना घेऊन केजला गेले. दुकानात आप्पांची सून, सुमनवहिनी. पाटी तिथेच, आणि भिंतीवर ते पापुद्रा निघालेलं टायपिंगचं सर्टिफिकेट. मी पदवी पुढे केली. वहिनींनी ती बघितली, दोन ओळींवर बोट फिरवलं आणि माझ्या हातात परत दिली.

"ताई, ही भाषा मला येत न्हाई. तुमीच वाचा."

"नुसत्या झेरॉक्स काढायच्यात, वहिनी."

"हाव, पर वाचल्याबगर मशिनीत जात न्हाई ना आपल्याकडं."

रांगेत सात-आठ माणसं होती, बाबा त्यांच्यातच उभे होते. मी पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले. एक ओळ जर्मनमध्ये, मग मराठीत. माझं नाव मी हळूच वाचलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मोट्यानं वाचा की, चोरीचा हाय का?" मग मी मोठ्याने वाचलं, कॉमा आणि फुल स्टॉपसकट. बाबा मान डोलवत होते. वाचून झाल्यावर वहिनींनी कागद घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि मशीनचं झाकण उघडलं.