तोफा नसलेली बोट

फोन आला तेव्हा मी शिंदखेड्याला एका हळदीच्या कार्यक्रमात स्टेजवर होतो आणि मामांचाच आवाज काढत होतो. फोनवर मामीचं नाव होतं. मामी मला कधीच फोन करत नाही, म्हणून माईक काखेत दाबून तिथेच उचलला. लोकांना वाटलं हाही आयटमचाच भाग आहे, ते हसायला लागले. मामी दोन वाक्यं बोलली. मी "येतो" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि आयटम पूर्ण केला. तोफ सुटते तो तुकडा राहिला होता, आणि लोक त्याच्याचसाठी थांबलेले असतात. काहींना हे वाचून राग येईल. येऊ द्या. मामांना जे ओळखत होते त्यांना येणार नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. शोकसभा झाली, चोपड्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मामांच्या तोफांबद्दल भाषणं केली. मी बोलायला उठलो तर मागून कोणीतरी म्हणालं, "आता ऐका, हुबेहूब काढतो," आणि शोकसभेत लोक हसले. मी खाली बसलो. म्हणून लिहितोय. सगळं चोपडं म्हणतं की मामांच्या बोटीच्या तोफा मी मोडल्या. मी मोडल्या नाहीत. एवढंच सांगायचं आहे, पण ते सांगायला मामा सांगावे लागतात आणि मामा काही थोडक्यात उरकणारा माणूस नव्हता.

माझ्या आईचे हे सख्खे मोठे भाऊ. तरुणपणी नौदलात गेले, तिथून सुटून चोपड्याला परत आले आणि पुढे आयुष्यभर 'जहाजवाले' म्हणून राहिले. केळीच्या बागेत पाणी सोडायला निघाले तरी चाल अशी, की पायाखालचा बांध हलतोय. प्रत्येक सव्वीस जानेवारीला शाळेत त्यांचं भाषण. "आमच्या जहाजाची तोफ सुटली की कानातून नाही, पायातून आवाज येतो." हे वाक्य मी पाचवीपासून ऐकलं. समुद्र आमच्याकडे कोणी बघितलेला नव्हता. आम्हाला पाणी म्हणजे तापी आणि बोअर. त्यामुळे मामा म्हणतील तो समुद्र आणि मामा म्हणतील ती तोफ.

मी दहावीत असताना स्नेहसंमेलनात नकला केल्या. एसटीचा कंडक्टर, केळीचा व्यापारी, आमचे हेडसर. लोक लोळले. प्रमुख पाहुणे मामा. बक्षीस द्यायला उठले, ढाल हातात धरली आणि मला न देता माईकवर म्हणाले, "टाळ्या कोणाला वाजवल्या तुम्ही? कंडक्टरला. व्यापाऱ्याला. हेडसरांना. या पोराचं स्वतःचं काय होतं त्यात?" मग ढाल दिली. ती ढाल घेऊन उतरताना स्टेजच्या तीन पायऱ्या किती लांब असतात ते मला कळलं. त्याच वर्षी गणपतीत मी मामांची नक्कल बसवली. चाल, खाकरणं, तोफ. आजतागायत माझा सगळ्यात चालणारा आयटम तोच आहे. मामा समोरून गेले की पोरं मला ओरडून सांगायची, "तोफ, तोफ." मामा वळून बघायचे नाहीत. मला "नकल्या" म्हणायचे, नावाने कधी हाक मारली नाही. आमचं नातं एवढंच होतं, आणि दोघांनाही ते पुरत होतं.

त्यांच्या मुलाने एका दिवाळीला पुण्याहून एक जुना खोका आणला. बाहेरदेशातली कुठलीतरी लढाऊ बोट, प्लास्टिकची, घरी जोडायची. खोक्याचे कोपरे फाटलेले, झाकणावर चित्र, तोफांमधून आगीचे लोळ. "बाबा, आता करा तुमची बोट," असं म्हणून तो परत गेला. ही बातमी शाळेपर्यंत पोचायला दुपार झाली नाही. हेडसर म्हणाले, जहाजवाल्यांची बोट आपल्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवू, सव्वीस जानेवारीला. कपाट करून पण घेतलं. खोका मात्र मामांच्या माडीवर तसाच बंद पडून होता. आणि एक दिवस आई म्हणाली, "मामांनी तुला बोलावलंय." मी म्हटलं, मारायला का?

मारायला नव्हतं. माडीवर टेबल मांडलं होतं, खोका उघडा. मामा हात पुढे करून बसले होते, हात थरथरत होते. "बघितलंस? यानं बारीक काम होत नाही. तू करायचं. मी सांगेन."

"मीच का? गावात आयटीआयची पोरं आहेत."

"ती गावात सांगतील."

"मी नाही सांगणार?"

"तू पण सांगशील," मामा म्हणाले, "पण तुझ्यावर कोण विश्वास ठेवतो? लोक म्हणतील, नक्कल करतोय."

असा सत्कार माझा आजवर कुठे झालेला नाही. मी उठून निघणार होतो. तेवढ्यात त्यांनी नखं कापायचं यंत्र उचललं, जाळीसारख्या चौकटीतून तोफा एकेक करून तोडल्या आणि काडेपेटीत टाकल्या. मी म्हटलं, मामा, तोफा आधी लावायच्या का शेवटी? ते म्हणाले, "लावायच्याच नाहीत. नव्हत्या."

"काय नव्हत्या?"

"आमच्या बोटीवर तोफा नव्हत्या."

माझा चेहरा काय झाला असेल ते मला काढून दाखवता येत नाही. मामांची बोट तेल वाहायची. लढणाऱ्या जहाजांना भर समुद्रात डिझेल द्यायचं, हे काम. मागच्या बाजूला दोन बंदुका होत्या म्हणे, त्यांना दर वर्षी रंग द्यायचा, बास. मी विचारलं, मग ते पायातून आवाज येतो ते? म्हणाले, "दुसऱ्या जहाजाची. लांबून ऐकली एकदा." मी हसलो. खरंच खूप हसलो, मुद्दाम जोरात, इतक्या वर्षांचं हसलो. माझं हसू संपेपर्यंत मामा थांबले आणि म्हणाले, "झालं? आता पॉलिश पेपर घे. तोफांच्या खालच्या गोल खुणा घासून सपाट कर. मला माझी बोट बघायची आहे. आणि सव्वीसला मी स्वतः सांगणार आहे शाळेत."

म्हणून मी थांबलो. त्यांच्या प्रेमामुळे नाही. हा माणूस सगळ्यांसमोर माईक धरून "तोफा नव्हत्या" म्हणताना मला बघायचा होता. पहिल्या रांगेतून.

लढाऊ बोट काकडीसारखी, तेलवाली भोपळ्यासारखी. म्हणजे ही बोट मधून रुंद करायची, चिमणी आणि खोल्या उचलून मागे न्यायच्या, पुढे पाइप टांगायचे खांब उभे करायचे. चित्र नाही, माप नाही, सगळं मामांच्या डोक्यात. मी काहीही केलं की "चूक." खांब लावला, चूक. काढला, चूक. पाण्याचा पेला उचलला तरी मला वाटायचं आता म्हणतील. मी त्यांच्यासमोरच त्यांच्या आवाजात "चूक" म्हणायला लागलो तर म्हणाले, "आवाज जरा वर गेलाय. चूक."

बोट लांबीत कापून मधे पट्टी घालायची होती. आणि इथे मामांनी तो प्रकार केला जो फक्त आमच्याकडचा माणूस करू शकतो. आमच्याकडे ठिबकचा पाइप जोडायचं सोल्युशन घराघरात असतं, आणि काहीही तुटलं की आधी तेच लावतात. बादली, चष्मा, देवघराची घंटी, सगळ्याला. मी म्हटलं, मामा, या खोक्यात वेगळा गोंद आहे. "तो सुकला. तीन इंची पाइपलाइन पकडतं हे, तुझी एवढीशी बोट नाही पकडणार?" आणि ब्रशने भरभरून लावलं. सकाळी गेलो तर बोटीची कंबर उन्हातल्या डांबरासारखी बसलेली. ते प्लास्टिक वेगळं असतं, सोल्युशन त्याला खाऊन टाकतं. मामा तिच्यासमोर बसले होते. म्हणाले, "डबा उघडा ठेवलास तू रात्री."

मी जे बोललो ते छापता येणार नाही. तुम्ही आयुष्यभर थापा मारल्या, आता बोट पण थापेत बुडवली, आणि नाव माझं… असं बरंच. मामी जिना चढून वर आली. मामा उठून मागच्या शेडमध्ये गेले, अडीच इंची पाइपाचा एक तुकडा घेऊन आले, आरीने लांबीत चिरला आणि वितळलेली कंबर कापून त्या जागी धरला. पुढचं टोक खोक्यातलं, शेपूट खोक्यातलं, मधलं पोट केळीच्या बागेतल्या पाइपाचं. सांध्याला दोन गोळ्या एकत्र मळून लावायची पुट्टी. लांबून बघितलं तर… काय सांगू, पहिल्यांदा ती बोट वाटली. मला राग येत होता तो याचाही.

त्या दिवसांत एकदाच त्यांनी कामाचं सांगितलं. ठिबकची बारीक नळी मी खांबाला लावत होतो. म्हणाले, "दोन ट्रॅक्टर चालू आहेत, शेजारी शेजारी. रस्ता पण हलतोय. एकाने दुसऱ्याला चालता चालता डिझेल द्यायचं, नळी ताणली गेली तर तुटणार, ढिली पडली तर पाण्यात. ती नळी धरायला आम्ही. मी पुढून दुसरा." मी म्हटलं, मग हेच का नाही सांगितलं कधी? तोफेपेक्षा भारी आहे हे. त्यांनी नळी बोटाने उचलून बघितली. "नळी खाली लोंबतेय. चूक."

बोट झाली. करडा रंग दिला, सुकवली. सव्वीस जानेवारीला मामांनी ती मांडीवर धरून रिक्षातून शाळेत नेली, मी शेजारी. इस्त्रीचा शर्ट, छातीवर जुनी पदकं. झेंडावंदन झालं, सगळे हॉलमध्ये आले, हेडसरांनी बोट कपाटात ठेवली. शेजारी त्यांनी खोक्याचं झाकण पण उभं केलं, आगीचे लोळवालं. मग हेडसरांनी एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा बोटीकडे, आणि माईक मामांपुढे धरून विचारलं, "जहाजवाले, चित्रात तर तोफा आहेत. याच्या कुठे गेल्या?"

मी पहिल्या रांगेत होतो. ठरवून.

मामांनी खाकरलं. हॉलकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "या नकल्याने मोडल्या."

हॉल फुटला. पोरं बाकं वाजवायला लागली. कोणीतरी "तोफ, तोफ" ओरडलं. हेडसर माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "तुझ्या हातात काही टिकत नाही बघ." मामांनी माईक परत दिला आणि तोफेचं वाक्य न म्हणता बसले. थापेत एवढीच काय ती कमतरता ठेवली. बाहेर मी त्यांना गाठलं. म्हटलं, सांगणार होते ना तुम्ही? म्हणाले, "रिक्षा बघ." मी रिक्षा बघितली नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही, आणि मग शिंदखेड्याला फोन आला.

दहावं-तेरावं झाल्यावर मामीने मला ती काडेपेटी दिली आणि तिच्या अहिराणीत विचारलं, "त्यासना तोफा शेतस ना ह्या?" मी विचारलं, मामी, तुला माहीत होतं? ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "माले लगीनना आधीपाईन मालूम शे. मना बापनी इचारं, काय काम करतस, त्यासनी सांगं, तेल देतस. गावनी कधी इचारंच नही. गावले तोफच पाहिजे व्हती."

मी म्हटलं, म्हणून माझ्या डोक्यावर फोडायची? मामी म्हणाली, "ते चुकनंच त्यासनं." आणि सुपातले तांदूळ पाखडले.

मागच्या आठवड्यात हेडसरांचा फोन आला. जहाजवाल्यांच्या आठवणीत कपाट नीट करतोय, तोफा तूच मोडल्या आहेस, तर बसवून दे, गोंद आम्ही आणतो. मी बरं म्हटलं. मग जळगावला ट्रकच्या नंबरप्लेटा करणाऱ्या रेडियमवाल्याकडे गेलो आणि पाटी कापायला सांगितली: 'तेलवाहू जहाज. यावर तोफा नव्हत्या.' त्याने विचारलं, खाली कोणाचं नाव टाकायचं का? न टाकता चाललं असतं. मग म्हटलं, टाक, आणि मामांचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

शाळेत गेलो तेव्हा हॉल रिकामा होता, हेडसर आणि मी. खोक्याचं झाकण कपाटातून काढून बाहेर ठेवलं, काच पुसली, पाटी चिकटवली. हेडसर वाचत होते. मी वाट बघत होतो की आता हसतील. त्यांनी परत वाचलं, चष्मा वर केला आणि काचेला नाक लावून बोटीकडे बघत राहिले. मग काचेवर बोटाने दाखवत विचारलं, "हे मधलं एवढं फुगीर कशाला?"

"इथे तेल असतं सर," मी म्हटलं. "आणि ही नळी."

मामांना मी माफ केलेलं नाही. पण हेडसरांना वेळ होता, खुर्ची होती… मी नळीपासून सांगायला सुरुवात केली.